गुणाकाराआधी अंदाज



प्राथमिक शाळेत गुणाकार सर्वजण शिकतात. पाढे पाठ होतात, हातचे घेणे जमते, परीक्षेत गुणही मिळतात. परंतु आलेले उत्तर खरे असू शकेल की नाही, हे ओळखण्याची सवय मात्र फार थोड्यांना लागते. प्रस्तुत लेखात याच सवयीचा विचार करावयाचा आहे. गुणाकार करण्यापूर्वी उत्तर साधारण किती येईल हे मनाशी ठरविणे, यालाच गुणाकाराचा अंदाज म्हणतात. हा अंदाज मी शाळेत शिकलो नाही. तो मला माझ्या वडिलांनी शिकविला, आणि ते शाळेत कधी गेले नव्हते.

एक प्रसंग

गोष्ट १९८० नंतरच्या दशकातील. मी तेव्हा चौथीत होतो. वडील एका ठेकेदाराकडे मातीकामावर जात. रोज बारा रुपये ठरलेला होता. एका संध्याकाळी ते महिन्याचा पगार व मुकादमाने दिलेली चिठ्ठी घेऊन घरी आले. चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाच बरं, किती रोज लिहिलेत अन् किती पैसे लिहिलेत."

मी वाचले : रोज २९, दर रु. १२, एकूण रु. २४८.

"आता तू गुणून सांग," वडील म्हणाले.

मी पाटी घेतली. २९ ला २ ने गुणले, ५८ आले. २९ ला १ ने गुणले, २९ आले. दोन्ही एकाखाली एक लिहून बेरीज केली आणि मोठ्या ऐटीत सांगितले, "बाबा, सत्त्याऐंशी होतात. मुकादमानं जास्तच दिले!"

वडील हसले. म्हणाले, "अरे पोरा, दहाच्या दरानं तीस रोजाचे तीनशे होतात. एक रोज कमी, म्हणजे दोनशे नव्वद. वरचे दोन रुपये तर अजून धरलेच नाहीत. तुझे सत्त्याऐंशी कुठून आले? अन् मुकादमाचे तरी अडीचशेच्या आत कसे?"

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मुकादमापुढे हाच हिशेब तोंडी मांडला. लिहिताना चूक झाली असे म्हणून त्याने शंभर रुपये काढून दिले. बरोबर रक्कम ३४८ रुपये होती.

माझी चूक काय झाली ते पुढे गुरुजींनी दाखविले. बारामधील १ हा एक नसून दहा आहे. म्हणून दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात शून्य मांडावयास हवे होते. २९ नव्हे, २९०. परंतु ती चूक मला पाटीवर दिसली नाही आणि वडिलांना पाटी न पाहताच समजली. त्यांच्याजवळ अंदाज होता. माझ्याजवळ नुसती रीत होती.

अंदाज म्हणजे मनात येईल ते सांगणे नव्हे

आपल्या बोलीत अंदाजाला अजमास, अदमास, सुमार, ठोकळ हिशेब असे किती तरी शब्द आहेत. यावरूनच हे काम आपल्या लोकांना किती जुन्या काळापासून परिचित आहे हे दिसते. शेतकरी उभे पीक पाहून किती पोती होतील ते सांगतो. गवंडी भिंत पाहून विटा सांगतो. घरातील आई पाहुणे मोजून पीठ काढते. ही सर्व गणितेच आहेत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्येही शेतकऱ्याच्या पिकाच्या अंदाजाचे उदाहरण देऊन, असे कौशल्य शालेय गणिताने वाढवावे, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

पाठ्यपुस्तकात जवळच्या किमतीसाठी 'आसन्न' हा शब्द येतो. हा शब्दही जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, आणि तो 'आसन्न' आहे, म्हणजे अगदी तंतोतंत नसून जवळचा आहे, असे स्पष्ट सांगितले. जवळचे उत्तर देणे आणि ते जवळचे आहे हे माहीत असणे, हे अज्ञानाचे लक्षण नाही; ते चांगल्या गणितज्ञाचे लक्षण आहे.

तेव्हा अंदाजालाही रीत असते. ती आता पाहू.

पहिली रीत : जवळचे पूर्ण दशक

ज्या संख्येच्या शेवटी शून्य आहे तिचा गुणाकार सोपा असतो. म्हणून दिलेल्या संख्या जवळच्या पूर्ण दशकात आणाव्यात. एककस्थानी ५ किंवा त्याहून मोठा अंक असेल तर पुढचे दशक घ्यावे, ५ पेक्षा लहान असेल तर मागचे.

४७ × ३२ हे उदाहरण घेऊ. ४७ च्या जवळ ५०, आणि ३२ च्या जवळ ३०. पाच त्रिक पंधरा, त्यावर दोन शून्ये, १५००. खरे उत्तर १५०४ आहे. येथे एक संख्या वाढविली व दुसरी कमी केली, त्यामुळे वाढ आणि घट एकमेकांना सांभाळून घेतात.

परंतु दोन्ही संख्या एकाच बाजूला गेल्या तर सावध राहावे. ४५ × ३५ मध्ये नियमाप्रमाणे ५० × ४० = २००० येतात. खरे उत्तर मात्र १५७५ आहे. अंदाज सव्वाचारशेने जास्त झाला. अशा वेळी एक संख्या वर व दुसरी खाली न्यावी. ५० × ३० = १५०० किंवा ४० × ४० = १६०० घेतले तर आपण उत्तराच्या बरेच जवळ जातो. नियम हा आपल्या सोयीसाठी आहे. कोठे तो फसतो हेही विद्यार्थ्याला समजले पाहिजे.

कधी दशकापेक्षा पंचवीस सोयीचे असतात, कारण पंचवीस चोक शंभर. २६ × १६ साठी २५ × १६ घ्यावे. सोळामध्ये चार चोक आहेत, म्हणून चारशे. खरे उत्तर ४१६ आहे.

दुसरी रीत : दोन्ही बाजूंनी कुंपण

६३ × ४८ चे उत्तर कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये असेल? दोन्ही संख्या खाली नेल्या तर ६० × ४० = २४००. दोन्ही वर नेल्या तर ७० × ५० = ३५००. म्हणजे उत्तर २४०० पेक्षा कमी किंवा ३५०० पेक्षा जास्त येऊच शकत नाही. त्यातल्या त्यात जवळचा अंदाज ६० × ५० = ३०००. खरे उत्तर ३०२४.

हे कुंपण घातले म्हणजे मोठी चूक आत येत नाही. याचेच एक सोपे रूप म्हणजे उत्तरात किती अंक असतील ते आधी पाहणे. दोन अंकी संख्यांत सर्वांत लहान गुणाकार १० × १० = १०० आणि सर्वांत मोठा ९९ × ९९ = ९८०१. म्हणून दोन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने गुणल्यास उत्तर तीन किंवा चार अंकीच येणार. एवढे मला चौथीत माहीत असते, तर २९ × १२ = ८७ असे मी सांगितले नसते. तसेच तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने गुणल्यास उत्तर चार किंवा पाच अंकी येते.

तिसरी रीत : 'एकोण' ऐका

आपल्या मराठी संख्यानामांतच एक धडा दडलेला आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे आपण म्हणतो. 'ऊन' म्हणजे कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत. नव्व्याण्णवचे नाव तेवढे वेगळे पडले आहे. या नावांतच जवळचे दशक सांगितलेले आहे. फक्त कान देऊन ऐकले पाहिजे.

२९ × ६ करावयाचे असेल तर तीस सक एकशे ऐंशी हा अंदाज झाला. एक सहा जास्त धरला, तो वजा केला की १७४ हे तंतोतंत उत्तर मिळाले. पाटीची गरजच राहिली नाही. माझ्या वडिलांनी केले ते हेच होते.

ही रीत भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही आहे. इ.स. ११५० च्या या ग्रंथात गुणाकाराचे अनेक प्रकार दिले आहेत. त्यांतील एक असा की, गुणकात सोयीची संख्या मिळवावी किंवा वजा करावी आणि शेवटी तेवढी दुरुस्ती करावी. तेथे १३५ × १२ हे उदाहरण आहे. बाराचे वीस करावे, १३५ × २० = २७००. आठ जास्त धरले, म्हणून १३५ × ८ = १०८० वजा करावे. उत्तर १६२०. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे ही विद्या आपल्याच मुलखात शिकविली गेली आहे.

मराठी नावांची एक अडचणही सांगितली पाहिजे. सत्तेचाळीस म्हणताना आधी सात ऐकू येतात, चाळीस मागून येतात. त्यामुळे लहान मुलाचे लक्ष सातावर राहते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन देण्यात आले, तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे. तिच्यावर सोपा उपाय असा : अंदाज करताना मुलाला विचारावे, "सत्तेचाळीस कोणत्या दशकाच्या जवळ?" त्याने "पन्नास" म्हटले की त्याचे लक्ष योग्य जागी आले.

वाढवून धरावे की कमी करून?

अंदाज कशासाठी करतो यावर हे अवलंबून आहे. व्यवहारात एक साधा नियम उपयोगी पडतो : देणे वाढवून धरावे, येणे कमी करून धरावे.

समजा, संस्थेच्या कार्यक्रमाला १८५ जणांचे भोजन आहे व एका ताटाला ६८ रुपये पडतात. खर्च वाढवून धरू. २०० × ७० = १४,००० रुपये. प्रत्यक्ष हिशेब १२,५८० होतो. चौदा हजार हाताशी असतील तर आयत्या वेळी धावपळ होत नाही.

आता सहलीचे पाहा. सहा बस आहेत, प्रत्येकीत ५२ आसने आहेत आणि मुले २९० आहेत. येथे आसने कमी करून धरावीत. ६ × ५० = ३००. कमी धरूनही तीनशे होतात, म्हणजे सर्वांना जागा मिळणार. पुढे गुणाकार करण्याचीही गरज नाही. मजुरीचा हिशेब करताना वडिलांनी दर कमी धरला, बाराऐवजी दहा. कमी धरूनही रक्कम हातातील पैशांपेक्षा जास्त होती, म्हणून त्यांची खात्री पटली.

जुन्या पिढीतील काहींना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढेही येत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच व साडेतीन यांचे हे पाढे. ते आता शाळेत घोकून घेतले जात नाहीत, पण त्यांमागील युक्ती टिकवता येईल. ७८ रुपये किलोची डाळ दीड किलो घेतली तर ८० व त्याचे निम्मे ४० मिळून १२० हा अंदाज. खरी किंमत ११७ रुपये. घरात आजी-आजोबा असतील तर मुलांनी त्यांच्याकडून एखादा असा पाढा अवश्य ऐकावा.

परीक्षेत उपयोग

शिष्यवृत्ती व नवोदय प्रवेश परीक्षांत चार पर्याय दिलेले असतात. तेथे अंदाजाने वेळ वाचतो. ६३ × ४८ साठी पुढील पर्याय असल्यास काय कराल?

(१) २,५२४ (२) ३,०२४ (३) ३,०२८ (४) ३०,२४०

दोन अंकी संख्यांच्या गुणाकारात पाच अंक येत नाहीत, म्हणून चौथा पर्याय गेला. ६० × ४८ = २,८८०, आणि आपले उत्तर त्याहून मोठे हवे, म्हणून पहिलाही गेला. उरले दोन. आता शेवटचा अंक पाहा. तीन आठे चोवीस, म्हणजे उत्तराच्या शेवटी ४ हवेत. दुसरा पर्याय बरोबर. अंदाज पुढून तपासतो, शेवटचा अंक मागून तपासतो.

मात्र अंदाजाची मर्यादाही लक्षात ठेवावी. ३०६ × ७ चे उत्तर कोणी २,२१२ काढले तर ३०० × ७ = २,१०० या अंदाजावरून चूक कळणार नाही, कारण ते उत्तरही जवळचेच दिसते. शेवटचा अंकही येथे जुळतो. खरे उत्तर २,१४२ आहे. मधल्या शून्याला सातने गुणून सातच धरल्यामुळे ही चूक झाली. म्हणून अंदाज केला तरी गुणाकार काळजीपूर्वक करावाच लागतो. अंदाज हा गुणाकाराच्या जागी बसत नाही, तो त्याच्या सोबतीला असतो.

मोबाइल हातात असताना अंदाज कशाला?

हा प्रश्न मुले नेहमी विचारतात. उत्तर असे की, यंत्र चुकत नाही, पण यंत्रावरचे बोट चुकते. ४८ × २५० ऐवजी ४८ × २५ दाबले गेले तर यंत्र निमूटपणे १,२०० दाखवील. ५० × २५० म्हणजे साडेबारा हजारांच्या आसपास हवे, हे ज्याच्या मनात आहे तोच थांबेल. खरे उत्तर १२,००० आहे. बाकीचे यंत्रावर विश्वास ठेवून एक शून्य गमावतील.

आमच्या सायंकाळच्या अभ्यासवर्गातील एक अनुभव सांगतो. वर्गासाठी १९८ वह्या घेतल्या. एका वहीचा दर २७ रुपये. दुकानातून हाताने लिहिलेले बिल आले, रु. ६,३४६. आम्ही मोठी माणसे पैसे मोजू लागलो. तेवढ्यात वह्या रचून ठेवणारी पाचवीतील एक मुलगी म्हणाली, "सर, दोनशे वह्या असत्या तरी पाच हजार चारशेच झाले असते ना?"

आम्ही पुन्हा गुणाकार केला. ५,३४६ आले. बेरजेत हातचा एक दोनदा धरला गेला होता. दुकानदारानेही चूक लगेच मान्य केली. येथे कोणाचा हेतू वाईट नव्हता, पण संस्थेचे हजार रुपये जाणार होते. ते तिच्या एका प्रश्नाने वाचले. त्या दिवशी मला वडिलांची आठवण झाली.

पालकांनी व शिक्षकांनी काय करावे?

१. कोणताही गुणाकार देताना आधी विचारावे, "साधारण किती येईल?" मुलाने सांगितलेला अंदाज वहीच्या समासात लिहून घ्यावा, मग गुणाकार करू द्यावा.

२. अंदाज आणि उत्तर यांत फार अंतर पडले तर "चूक" असे लगेच म्हणू नये. "या दोहोंतले कोणते खरे वाटते?" असे विचारावे. चूक मुलाला स्वतः सापडू द्यावी.

३. अंदाज तंतोतंत आला नाही म्हणून गुण कापू नयेत. ४७ × ३२ ला कोणी १५०० म्हणेल, कोणी १६०० म्हणेल. कारण सांगता आले तर दोन्ही चालतील.

४. बाजारात, बसच्या तिकिटाच्या वेळी, विजेचे बिल आल्यावर मुलांना हिशेबात घ्यावे. जे पालक शिकलेले नाहीत त्यांनी तर संकोच अजिबात करू नये. आपला तोंडी हिशेब मुलांना मोठ्याने ऐकवावा.

सरावासाठी

पुढील गुणाकारांचा आधी अंदाज करा, तो लिहून ठेवा, नंतर गुणाकार करा.

(१) ५८ × ६ (२) ३९ × २१ (३) ७२ × ४९ (४) ३०५ × १८

ताडून पाहण्यासाठी : (१) अंदाज ३६०, उत्तर ३४८. (२) अंदाज ८००, उत्तर ८१९. (३) अंदाज ३,५००, उत्तर ३,५२८. (४) अंदाज ६,०००, उत्तर ५,४९०. चौथ्यात अंदाज पाचशेहून अधिक दूर का गेला, याचा विचार करा. अठराचे वीस करताना आपण तीनशेच्या वरच्या संख्येची दोनपट जास्त धरली आहे.

मित्रांनो, अक्षर आले की मनुष्य चिठ्ठी वाचू शकतो. परंतु चिठ्ठीतील आकडा खरा आहे का, हे विचारण्यासाठी अंदाज यावा लागतो. माझ्या वडिलांना चिठ्ठी वाचता येत नव्हती आणि मला ती तपासता येत नव्हती. त्या दिवशी आम्हां दोघांना मिळून शंभर रुपये परत मिळाले. तुम्हाला वाचता येते. आता दुसरी गोष्टही शिकून घ्या, म्हणजे कोणत्याही हिशेबापुढे तुम्ही एकटे उभे राहिलात तरी कमी पडणार नाही.